बहिणीच्या गावात हॉटेल

मुंबई,
१६ ऑगस्ट १९१३

मदिना आपा,

धाकट्याचा सलाम घे. दुल्हेभाईंना सलाम, दस्तगीरला आणि सूनबाई शमशादला दुवा.

इथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. रोजे सुरळीत चाललेत. दुपारी साहेब लोक जेवत असतात आणि मी त्यांच्या खुर्चीमागं पाण्याचा जग घेऊन उभा असतो. पहिल्या वर्षी फार जड गेलं होतं, आता काही वाटत नाही.

लिहायचं कारण आनंदाचं आहे. हॉटेलात लागल्यापासून मी कधी लांबलचक रजा मागितली नव्हती. यंदा मागितली आणि मिळाली. दसऱ्याला शहाजादीला घेऊन कोल्हापूरला येतो. लग्नानंतर ती एकदाच तुझ्याकडं आली होती, तीही नवी नवरी म्हणून. चार दिवस आतल्या खोलीत बसली आणि परत गेली. तिनं रंकाळा पाहिला नाही, पन्हाळा पाहिला नाही, दसऱ्याची स्वारी पाहिली नाही. या खेपेला सगळं दाखवणार आहे.

आता माझा बेत ऐक, आणि शेवटपर्यंत वाचून मग काय बोलायचं ते बोल.

आमच्या हॉटेलात दर हिवाळ्यात एक साहेब आणि त्याची मडम येतात. खोली घेतात ती समुद्राकडची, सगळ्यात चांगली. पण उजाडलं की दोघं कागदात पाव आणि उकडलेली अंडी बांधून पायी बाहेर पडतात. गाडी नाही, वाटाड्या नाही. कधी ट्रामनं, कधी बाजारातून चालत, संध्याकाळी धुळीनं माखून परत येतात. मी एकदा धीर करून विचारलं. साहेब म्हणाला, गाव तर रस्त्यावरून फुकट दिसतं, पैसे झोपेसाठी ठेवावेत. ते माझ्या डोक्यात बसलं.

तुमच्या स्टेशनजवळ एडलजी शेटनं नवं हॉटेल काढलंय. त्याच्याकडं माल पोचवणारा माणूस इथं येत असतो, त्याच्याकडून सगळं कळलं. स्प्रिंगचे पलंग, मच्छरदाण्या, खोलीला लागून न्हाणीघर, सकाळी ट्रेमध्ये चहा. पहिल्या तीन रात्री आम्ही तिथं राहणार. दिवसभर मात्र पायी हिंडायचं. रंकाळा, बाबूजमालचा दर्गा, हत्तीखाना, खासबागेचं कुस्त्यांचं नवं मैदान. त्यानंतर पन्हाळ्यावर एखादं रिकामं घर घ्यायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि राहायचं. रात्री नवाब आणि दिवसा फकीर.

जेवायला तुझ्याकडंच येऊ. तुझ्या हातचा तांबडा रस्सा मुंबईत कुठं मिळणार.

तुझा,
निसार


कोल्हापूर,
२४ ऑगस्ट

निसार,

तुझा कागद पोचला. शेवटपतुर वाच म्हनालास, म्हणून वाचला. बाबानं तुझ्यासंगं मलाबी मास्तरापुढं बसवलं, त्याचा असा उपेग हुईल असं वाटलं न्हवतं.

तू येतोयस हे वाचून मी चुलीवरची भाकरी तशीच सोडून उठले. आणि पुढचं वाचून परत खाली बसले. बहीण जित्ती हाय, तिचं घर हाय, घराला छप्पर हाय, आणि भाऊ गावात येऊन पैसे मोजून झोपनार. असं कुनी केलेलं मी तरी ऐकलं न्हाय.

तुला ठावं हाय का, स्टेशनावरचा एकूण एक टांगेवाला ह्यांच्याकडं घोड्याला नाल मारून घेतो. तू ट्रंक घेऊन त्या पारशाच्या दारात शिरलास, की तू आत जायच्या आदी आमच्या दारात बातमी. "काय गौसभाई, मेव्हणं आल्यात आणि हॉटेलात उतरल्यात?" ह्या माणसानं काय उत्तर द्यायचं? तू सांग, मी त्यांला शिकवून ठेवते.

खरं सांगू का? हा बेत तुझा न्हवं. शहाजादी मुंबईची. आमच्या दारात घोडी बांधलेली असत्यात, तापलेला नाल खुराला लावला की जळका वास येतो, तो घरभर बसतो. नवी आलती तवा नाकाला पदर लावून बसलेली मी बगितलीया. तवा काय बोलले न्हाय. आता बोलते.

घरात सगळं ठीक हाय. दस्तगीर बापाच्या हाताखाली तयार झालाय. शमशाद बरी हाय.

ह्यांना तुझा बेत सांगितला. हे म्हनले, "येऊ दे की कसा येतो तसा." दिवसभरात तेवढंच बोलले.

मदिना


मुंबई,
१ सप्टेंबर

आपा,

तुझा राग पोचला. त्यातला शहाजादीवरचा राग परत घे. तिचा या बेताशी काही संबंध नाही. मी सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, आपांना वाईट वाटेल. त्या वेळी ती पदर लावून बसायची, कारण तिला सासरच्या माणसांसमोर लाज वाटत होती. वासाचं तिनं मला कधी काही सांगितलेलं नाही.

हौस माझी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या माझ्याकडं असतात. रोज चादरी मी ताणतो, उशा मी फुगवतो, आणि दार ओढून घेऊन बाहेर पडतो. इतक्या वर्षांत त्यातल्या एकाही पलंगावर मी टेकलेलोसुद्धा नाही. आपणही कधी घंटी वाजवावी आणि दुसऱ्या कुणी धावत यावं, असं माणसाला वाटू नये का?

तुला एक गोष्ट सांगतो. पलंग, गालिचा, समुद्र, हे सगळं साहेब लोक दोन दिवसांत विसरतात. ते विकत घेतात ते दार. आतून कडी लावली की त्यांनी उघडल्याशिवाय कुणी आत येत नाही. मॅनेजरसुद्धा ठोठावून थांबतो. आमच्या चाळीतली खोली तुला माहीत आहे. सासूबाई, शहाजादीचे दोन भाऊ, आणि आम्ही. मोरीला पडदा, खोलीला पडदा. दार दिवसभर उघडं, कारण लावलं तर शेजारी विचारायला येतात की काय झालं. माणसं प्रेमाची आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही.

तू म्हणशील, बहिणीचं घरही तसंच प्रेमाचं आहे. आहेच. म्हणूनच तीन रात्री बाजूला मागतोय.

एवढं माझं ऐक.

निसार


कोल्हापूर,
९ सप्टेंबर

निसार,

ईद झाली. शिरखुर्मा केलता. तुझी वाटी भरून ठेवायची सवय हाय, ती यंदाबी ठेवली आणि दुसऱ्या दिशी शेजारच्या बायडाबाईला दिली.

तुझं दार-बिर वाचलं. मला त्यातलं काय कळलं न्हाय. आमच्या घरालाबी दार हाय. दिवसा उघडं असतंय आणि रात्री लोटतो. माणसाला माणसं लागत्यात, दार कशाला लागतंय?

का रं, तुझ्या मनात दुसरंच काय न्हाय न्हवं? हलीमा गेली तवा मला यायला जमलं न्हाय. ह्यांचा पाय घोड्यानं तुडवलेला, घरात करनारं दुसरं कुनी न्हाय. पोरगी गेली आणि आत्या आली न्हाय, हे शहाजादीच्या मनात बसलं असंल तर तसं तोंडावर सांग. मी ऐकून घेईन. पर त्यासाठी हॉटेलात उतरून चार माणसांत आमची शोभा करू नको.

आणि तसं असंल तर उलट माझ्याकडंच यायला पायजे. चार बायकांत बसली, भाकऱ्या थापल्या, ह्याचं-त्याचं ऐकलं, की माणूस वर येतंय. लेकरू गेलेली बाई एकटी खोलीत कोंडून ठेवायची नस्ती. हे तुला कळत न्हाय, तू पुरुष हायस.

एवढं सांगून बी हॉटेलातच जानार असशील, तर तिथंच जेव. माझ्या घरी दिवसाच्या पावण्यासारखं येऊ नको.

मदिना


मुंबई,
१८ सप्टेंबर

आपा,

शहाजादीचा सलाम. मी लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. तुमचं पत्र वाचून ते बराच वेळ जिन्यात बसले होते. मग म्हणाले, "जाऊ दे, कोल्हापूर पुढच्या वर्षी." त्यांनी रजा परत द्यायच्या आत मला तुम्हाला सांगायला हवं.

हौस त्यांची नाही. पलंगाची तर मुळीच नाही. ते चटईवरच झोपतात, मऊ गादीवर त्यांची पाठ दुखते. हा सगळा बेत त्यांनी माझ्यासाठी केला, आणि तुम्हाला तसं सांगायची त्यांना चोरी झाली. माझ्याबद्दल कुणी काही म्हणावं, ते त्यांना नको असतं.

तुम्ही आला नाहीत याचा राग माझ्या मनात कधीच नव्हता. आपा, त्या वेळी इतकी माणसं आली होती की मला कुणाचे चेहरेही आठवत नाहीत. आणि ती अजून जात नाहीत. मी भांडी घासायला बसले तर एक शेजारीण शेजारी येऊन बसते. पाण्याला गेले तर दुसरी सोबत येते. रात्री आई हात धरून झोपते. सगळ्यांचा जीव माझ्यावर आहे. त्यामुळं हलीमा गेल्यापासून मी रडलेले नाही. माझा आवाज फुटला तर पाच खोल्यांतल्या बाया धावत येतील, आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागेल.

खालच्या मजल्यावर एकीला बाळ झालंय. ते रडायला लागलं की मी हातातलं ठेवून गच्चीवर जाते. ते बाळ मला आवडत नाही असं नाही. फक्त ऐकवत नाही.

आणखी एक आहे. ती गेली त्या दिवशी हे कामावर होते. कुणी मोठे पाहुणे उतरले होते, निरोप वेळेवर पोचला नाही. हे आले तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटी ती काय बोलली, पाणी प्याली का, तिला त्रास झाला का, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. सांगायला जागा नाही, आपा. कानात कुजबुजून सांगायची गोष्ट नव्हे ती.

तुमच्या घराचा वास मला आठवतो. वाईट नव्हता. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्यासमोर ठेवलेली अंड्याची खांडोळीही आठवते. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

शहाजादी


कोल्हापूर,
२५ सप्टेंबर

शहाजादी,

तुझा कागद मी दोनदा वाचला. ह्यांना वाचून दाखवला न्हाय. मी फकस्त एवढंच म्हनले, की त्या दोघांना हॉटेलातच उतरू द्या. हे म्हनले, "मी आदीच म्हनलं होतं की."

तू खरं लिहिलंस, म्हणून मीबी लिहिते. शमशादला श्रावणात पोरगी झाली. तिला आई न्हाय, म्हणून बाळंतपण हितंच केलं. तुमाला कळवलं न्हाय. हलीमाला जाऊन वरीसबी झालं न्हाय, कोणत्या तोंडानं कळवू असं झालं. आणि पोटात एक बेत होता. तुम्ही दोघं दारात आलात, की पाय धुवायच्या आदी पोरगी तुझ्या पदरात ठेवायची. लेकराचा अंगाला वास लागला की सगळं आपसूक सुरळीत हुईल, असं मला वाटत होतं. शमशादलाबी तसं सांगून ठेवलं होतं. तिनं नुसती मान हलवली. ती माझ्यापेक्षा शानी निघाली.

पोरगीचं नाव बानू. रडती मोठ्यानं, हे आत्ताच सांगते.

आता तू ठरीव. यायचं असंल तर या. न्हाय आलात तर मी समजून घेईन. आलात तर स्टेशनावर हे टांगा घेऊन येतील आणि पारशाच्या दारात सोडतील. हे स्वतः सोडनार म्हटल्यावर टांगेवाल्यांना विचारायला तोंड ऱ्हानार न्हाय, हेबी त्यांनीच सुचवलं. घरी ये म्हणून मी म्हननार न्हाय. घर कुठं जात न्हाय.

निसारला सांग, रजा परत दिलीस तर मी मुंबईला येऊन तुज्या मॅनेजरला भेटीन.

मदिना


मुंबई,
२६ ऑक्टोबर

मदिना आपा,

सुखरूप पोचलो. मिरजेला गाडी बदलताना गर्दी होती, पण शहाजादीला खिडकी मिळाली. तू बांधून दिलेल्या दशम्या पुण्यापर्यंत पुरल्या.

तिकडं असताना आपलं बोलणं झालंच नाही. तू बायकांत, मी दुल्हेभाईंबरोबर. म्हणून लिहितो.

हॉटेलात माझी फजिती झाली ती ऐक. पहिल्याच सकाळी नोकर चहाचा ट्रे घेऊन आला आणि किटलीची तोटी पाहुण्याच्या अंगावर येईल अशी ठेवली. माझा हात आपोआप पुढं गेला. मी ट्रे फिरवला, रुमालाची घडी नीट केली, साखर उजवीकडं घेतली. तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेब, कुठल्या हॉटेलात असता?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो फावल्या वेळात येऊन माझ्याकडून उशांचे अभ्रे चढवायला शिकत होता. घंटी वाजवायचं काही जमलं नाही. पलंगावर शहाजादी झोपली आणि मी खाली सतरंजीवर.

ती मात्र झोपली. पहिला पूर्ण दिवस झोपली. मी तिला हाक मारली नाही. एकटाच रंकाळ्यावर जाऊन बसलो, म्हशी धुणारे पाहत. मनात येत होतं की एवढ्या लांब आणून, बहिणीला दुखवून, मी हिला नुसतं झोपवलं.

दुसऱ्या दिवशी तू दुल्हेभाईंबरोबर डबा घेऊन आलीस. दारातल्या शिपायानं तुला विचारलं, "कुणाकडं?" आणि तू म्हणालीस, "माझ्या घरी." तो बाजूला झाला. ते मी जिन्यातून पाहिलं. मग तू मला म्हणालीस, "तुम्ही दोघं कुठंबी जावा," आणि आत गेलीस आणि कडी लावलीस. आम्ही खासबागेत गेलो. कुस्तीची जोड सुटायची वाट बघत दुपारपर्यंत बसलो. दुल्हेभाईंनी मला उसाचे करवे सोलून दिले. परत आलो तेव्हा दार उघडं होतं. तुम्ही दोघी डब्यातलं जेवत होता. शहाजादीचे डोळे सुजले होते आणि ती पुन्हा पुन्हा भाकरी मागून घेत होती. आत काय झालं, हे मी तिला विचारलेलं नाही.

दसऱ्याचं तर तुला माहीतच आहे. हत्ती, घोडी, सरकारची स्वारी, माळावरची ती गर्दी. एवढा थाट आणि पाहायला कुणाची आडकाठी नाही. मी स्वारी पाहत होतो आणि वळून बघतो तर शहाजादी शेजारी नाही. गर्दीत शोधता शोधता माझा घसा बसला. शेवटी तुझ्या घरी आलो, तर ती आधीच आलेली. तिथं काय पाहिलं ते लिहीत नाही, तूही तिथंच होतीस.

पन्हाळ्याबद्दल लिहितो. दुल्हेभाईंच्या ओळखीच्या जोतीरामनं दिलेलं घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओटा. वारा असा की चूल पेटेना. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तीन दरवाजाच्या बाजूला तटावर बसलो होतो. आसपास कुणी नाही, खाली शेतं. शहाजादी म्हणाली, "विचारायचं असेल तर विचारा." मी विचारलं. तिनं सगळं सांगितलं, पहाटेपासून. हलीमानं माझ्याबद्दल विचारलं होतं. "बाबा जिना चढला का?" असं. दोनदा पाणी प्याली. त्रास फार झाला नाही. मी ते ऐकलं, आपा. इतके महिने मी मनात जे जे रंगवत होतो, त्यापेक्षा ते सोपं होतं. आम्ही तिथं ऊन उतरेपर्यंत बसलो.

आता ती चाळीत हलीमाचं नाव घेते. बाया गप्प होतात, पण ती बोलत राहते.

तुझा,
निसार


कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

निसार,

तुझा कागद ह्यांना वाचून दाखवला. उसाच्या करव्याचं आलं तवा हसले.

आत काय झालं म्हणून तुला वाटत असंल, तर सांगते. काय झालं न्हाय. मी चपला काढल्या आणि खाली बसले. ती पलंगावर बसलेली. डबा मधी ठेवला. मी काय बोलायचं ते घरनं घोकून आलते, ते सगळं इसरले. ती म्हनली, "आपा, दार लागलंय का बगा." मी उठून परत बगितलं, लागलं होतं. मग ती रडली. मी असं रडनं ऐकलं न्हवतं रं. गुरासारखं. मी जवळ जायला उठले, आणि मग मनात म्हनलं, मदिना, बस खाली. बसले. तिला हात बी लावला न्हाय. हे मला किती कठीण गेलं ते माझं मला ठावं. मधी कुनीतरी दार वाजवलं, मी आतनं म्हनले, "जा, काय न्हाय." गेला बिचारा. घरात असतो तर पाच जनी पाणी घेऊन आल्या असत्या, आणि त्यात पयली मी.

मग तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, "डब्यात काय आणलंय?"

दसऱ्या दिशी तिला मी बोलावलं न्हवतं. तुला तसं वाटलं असंल, म्हणून सांगते. मी दारात नालांची टोपली आत घेत होते, तर ही समोर. एकटी. वाट इचारत इचारत आली म्हनली. तिच्या हातात आपट्याचं पान. माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि सरळ आत गेली. बानू रडत होती, शमशाद न्हाणीकडं पानी तापवत होती. शहाजादी बानूपाशी उभी ऱ्हायली. मी दारातनं हलले न्हाय. मग तिनं शमशादला विचारलं, "हिला मी न्हाऊ घालू का?" शमशाद म्हनली, "घाला की, माझी पाठ मोडलीया." पायावर पालथी घेतली, तेल लावलं, पानी घातलं, धुरी दिली. तू आलास तवा केसाला बोटं फिरवत बसलेली, तेवढंच तू बगितलंस. बानू रडायची थांबली न्हवती. ती काय कुनासाठी थांबत न्हाय. पर शहाजादी उठून गेली न्हाय.

बकरी ईद झाली. सगळं ठीक.

आणि एक. तू गेल्यापासून हे गप्प गप्प हायत. म्हंजे नेहमी असत्यात तसे न्हवं, येगळे. एक दिस भट्टीपाशी बसून मला म्हनले, "पन्हाळ्यावर वारा असतोय म्हनत्यात न्हवं?" मी म्हनले, असतो की. हा माणूस पन्हाळ्याला शंभरदा गेला असंल नाल मारायला. वारा असतोय का म्हणून मला इचारतोय.

मदिना


पन्हाळा,
८ जानेवारी १९१४

निसार आणि शहाजादी,

हात गारठल्यात, अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. मी आणि हे जोतीरामच्या त्याच खोलीत हाय. घरात बाळंतीण होती, आता ती उठून कामाला लागली. तिला भीत भीत इचारलं. म्हनली, "अम्मा, जावा की. तुमी असलात तरी बानू रडतीच."

येताना पयली रात्र पारशाकडं काढली. ते हट्टानं ह्यांनीच केलं. मी म्हनले, गाव काय म्हनंल? हे म्हनले, "गावाचे घोडे हायत माझ्याकडं." तुज्यासारकं खाली न्हाय झोपलो. दोघंबी पलंगावर झोपलो. सकाळी मी घंटी वाजवली आणि चहा मागवला. बशीत वतून प्यालो. तो नोकर तुमची चौकशी करत होता.

हितं दिवसभर हिंडतो. काय खर्च न्हाय, काय काम न्हाय. पयल्या दिशी मला कळंना हात कुठं ठेवावं. दोनदा ओटा झाडला.

काल दुपारी तटावर बसलो होतो. ह्यांनी आपनहून बोलायला सुरवात केली. त्यांला एक थोरला भाऊ होता म्हनं, केरबा पाटलाच्या घोडीनं लाथ घातली आणि गेला. हे तवा धा-बारा वरसांचे. त्याच दिशी बापानं भावाचा हातोडा ह्यांच्या हातात दिला आणि म्हनला, त्याच घोडीला नाल मार. मारला. आमच्या लग्नाला तीस वरसं होऊन गेली. भाऊ होता, एवढं सुदीक मला म्हाईत न्हवतं. मी इचारलं, इतकी वरसं का न्हाय सांगितलं? हे म्हनले, "तू कामात असायचीस." मग लई बोलले. भावाचं, बापाचं, पयल्यांदा मला बगितलं तवाचं. मी ह्यांला मितभाषी समजत आले. हा माणूस ऐकनारं कुनी न्हवतं म्हणून गप्प होता.

उद्या उतरायचं ठरलं होतं. आत्ता कागद लिहिताना हे वरनं बगत होते. म्हनले, "लिही त्यांला, परवा उतरतो." मी म्हनले, बानूला ऱ्हावंल का? हे म्हनले, "शमशाद हाय."

ऱ्हातोय आणखी एक दिस.

मदिना